पहिली व्हिजिट फ्री?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण नेहमीचंच, आळस. आज मात्र रागाने लिहितोय, आणि राग ज्यांच्यावर आहे त्यातले निम्मे लोक हा ब्लॉग वाचतात. त्यामुळे जपून लिहायला हवं. बघू जमतं का.

गेल्या रविवारी मिरजेला मावसबहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जेवणं आटोपली आणि पुरुषमंडळी गच्चीवर खुर्च्या टाकून बसली. कुणीतरी विचारलं, "काय रे, धंदा काय म्हणतोय?" मी आपलं खरं सांगितलं. वर्षभरात एएमसीची तीन गिऱ्हाइकं गेली. एका सीएंनी ऑफिस मुलाकडे पुण्याला हलवलं. एक क्लास बंद पडला. एक दवाखाना मोठ्या हॉस्पिटलात सामील झाला, आता तिथले कॉम्प्युटर त्यांचाच कुणीतरी मुंबईवाला कंत्राटदार बघतो. तिघांशीही भांडण नाही, पण गेले ते गेले. नवीन गिऱ्हाइकं शोधायला हवीत.

झालं. मराठी माणसाला धंदा करता येत नाही म्हणतात, पण धंद्यावर सल्ला देता येत नाही असं कुणी म्हणून दाखवावं. मामा म्हणाले, "पेपरात हँडबिलं टाक. पहिली व्हिजिट फ्री लिही, मोठ्या अक्षरात." भाऊजी म्हणाले, "सोसायट्यांमधून फ्री चेकअप कॅम्प लाव. डॉक्टर नाही का लावत?" आणि आमचा दादा (चुलतभाऊ, विम्याचं काम करतो, माणूस लाखमोलाचा) म्हणाला, "हे बघ, एकदा पाय आत पडणं महत्त्वाचं. आत गेलास की काहीतरी निघतंच."

काहीतरी निघतंच.

हे वाक्य मी तिथे गिळलं. भरल्या घरात, लोकांच्या वास्तुशांतीला वाद कशाला घालायचा? पण सांगलीला परत येईपर्यंत ते घशाशीच होतं. दादा, तू ते भाबडेपणानेच म्हणालास हे मला माहीत आहे. पण आमच्या धंद्याची सगळी घाण त्या दोन शब्दांत आहे, आणि मी हे पुस्तकात वाचून बोलत नाहीये. मी ते करून बसलोय. ते पुढे सांगतो.

आधी नवीन वाचकांसाठी थोडं. माझं सांगलीला विश्रामबागेत छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती, मेंटेनन्स, नेटवर्किंग. मी आणि एक मुलगा. सुरू केलं २००३ मध्ये. तेव्हा घरोघरी 'असेंबल्ड' मशीन घ्यायची लाट होती. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, जोडायचे, विकायचे, त्यात चार पैसे सुटायचे. पुढे लॅपटॉप आले, मग मोबाईल आले, मग सुट्या भागांच्या किमती लोक माझ्यासमोर बसून ऑनलाईन बघायला लागले. घरगुती कामं आटली. आता माझं पोट चालतं ते सीए, वकील, दवाखाने, शाळा आणि मार्केट यार्डातल्या अडतीच्या पेढ्या यांच्यावर. म्हणजे ज्यांचं कॉम्प्युटर बंद पडल्यावर काम अडतं अशांवर. आणि ही गिऱ्हाइकं दर वर्षी थोडी गळतातच. कुणी निवृत्त होतं, कुणी गाव सोडतं, कुणी वॉरंटीवाली नवी मशिन्स घेतं. त्यामुळे नवीन माणसं शोधणं हे वाईट दिवसातलं काम नव्हेच, ते आमचं रोजचं काम आहे.

आता फ्री व्हिजिटचं गणित मांडू. मामा, तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला लगेच कळेल.

विश्रामबागेहून माधवनगरला जायचं, मशीन उघडायचं, बघायचं, परत यायचं. दीड तास जातो, पेट्रोल जातं, आणि त्या वेळात दुकानात एक माणूस कमी. हे मी 'फ्री' म्हणून केलं. ठीक. पण मला तर खर्च आलाच ना? तो भरून कुठून काढायचा? दहापैकी निम्म्या वेळा दोष फुटकळ असतो. वायर सैल, धूळ साचलेली, डिस्क भरलेली, नाहीतर कुणीतरी मागचं बटण बंद केलेलं. त्यात विकण्यासारखं काही नाही. मग उरलेल्या निम्म्या लोकांकडून दुप्पट काढा, नाहीतर या निम्म्यांच्या मशीनमध्ये 'काहीतरी' काढा. तिसरा रस्ता नाही. असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, मी दुकानात फळ्यावर लिहून ठेवतो.

म्हणजे फ्री व्हिजिट फ्री नसतेच. तिचे पैसे कुठल्यातरी पार्टच्या किमतीत दडलेले असतात. आणि दडलेले असतात म्हणूनच तो पार्ट बदलणं भाग पडतं. बघायला आलेल्या माणसाचा चहा मशीनमधल्या बिघाडावर अवलंबून असेल, तर बिघाड सापडणारच. तो माणूस मुळात वाईट असायला लागत नाही. मी नव्हतो.

आता ते सांगतो.

२००५ सालची गोष्ट. दुकान दोन वर्षांचं. हप्ते चालू. मी अगदी मामांनी सांगितलं तसंच केलं होतं. पिवळ्या कागदावर हँडबिलं छापली, पेपरवाल्या पोरांना पैसे देऊन घरोघरी टाकली. 'पहिली व्हिजिट मोफत.' फोन आले. बरेच आले. त्यातला एक फोन निवृत्त शिक्षकांचा होता. मी त्यांना सरच म्हणायचो. त्यांचा मुलगा परदेशी, त्याच्याशी बोलायला कॉम्प्युटर घेतलेला. चालू केला की नुसता बीप बीप, पडद्यावर काही नाही.

या धंद्यातल्या माणसाला तो बीप ऐकू आला की निदान झालं. रॅम. आणि दहातल्या आठ वेळा रॅम गेलेली नसते. तिच्या सोनेरी पट्ट्यांवर दमट हवेनं आणि धुळीनं थर चढतो. काढायची, शाळेतल्या साध्या खोडरबरानं पट्ट्या हलक्या हाताने घासायच्या, पुसून परत बसवायची. पाच मिनिटं. मला हे माहीत होतं. खोडरबर खिशात होता.

पण त्या दिवशीची ती चौथी फुकट व्हिजिट होती. सकाळपासून एक रुपया आला नव्हता. मी रॅम काढली, उजेडात धरून बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "सर, रॅम गेलीय." बाराशे रुपये. सरांनी कपाटातून काढून दिले आणि वर म्हणाले, "बघा, तुम्ही येण्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत." चहा दिला. मी प्यालो.

जुनी रॅम न्यायला लागलो तर म्हणाले, "ती राहू द्या इथेच. दिवाळीत पुतण्या येतो, त्याला या गोष्टींची आवड आहे."

आता इथे मला सांगायला हवं होतं की देवानं शिक्षा केली, धंदा बसला वगैरे. तसं काही झालं नाही. सरांनी खूश होऊन मला चार घरं मिळवून दिली. त्यांच्या शब्दावर एक शाळासुद्धा मिळाली. माझं जे काही बस्तान बसलं त्याचा पाया त्या खोट्यावर आहे. म्हणून कुणी मला 'चांगलं काम करा, तोंडी प्रचार आपोआप होतो' असं सांगायला लागलं की मी गप्प बसतो. तोंडी प्रचार खोट्या कामाचाही होतो. गिऱ्हाइकाला मशीन चालू झालेलं दिसतं, ते कशामुळे झालं ते दिसत नाही.

दिवाळीनंतर सर दुकानात आले. पहिल्यांदाच. खिशातून कागदात गुंडाळलेली रॅम काढली, काउंटरवर ठेवली. पुतण्यानं ती पुसून दुसऱ्या खाचेत बसवून बघितली होती. मशीन मेमरी दुप्पट दाखवत होतं. सर एवढंच म्हणाले, "ही चालते. तुमच्या उपयोगाला येईल." आणि गेले. भांडण नाही, पैसे मागितले नाहीत. मी मागून हाकसुद्धा मारली नाही. हाक मारून काय सांगणार होतो?

त्यांचा फोन परत आला नाही. त्या चार घरांचेही हळूहळू बंद झाले. शाळेनं पुढच्या वर्षी दुसरा माणूस नेमला. हँडबिलावरची 'मोफत' ची ओळ मी त्यानंतर काढली. (प्रामाणिकपणे सांगायचं तर लगेच नाही काढली. छापलेला गठ्ठा संपल्यावर काढली.)

असो.

बऱ्याच वर्षांनी एका वाचनात कळलं की माझ्या त्या खोडरबराचा अर्थशास्त्रज्ञांनी माझ्या जन्माआधीच विचार करून ठेवलाय. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. त्याचं शीर्षकच 'मुक्त स्पर्धा आणि फसवणुकीचं इष्टतम प्रमाण' अशा अर्थाचं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. काही वस्तूंचा दर्जा घेण्याआधी कळतो, उदाहरणार्थ कापड. काहींचा वापरल्यावर कळतो, जसा आंबा. पण काही सेवा अशा असतात की त्या घेऊन झाल्यावरही आपल्याला त्यांची गरज होती की नव्हती हे कळत नाही. गॅरेज, काही ऑपरेशनं, आणि अर्थात आम्ही. निदान करणारा आणि दुरुस्ती विकणारा माणूस एकच असेल, तर जास्तीची दुरुस्ती विकण्याचा मोह त्या रचनेतच असतो. माणूस बदलून तो जात नाही.

फ्री व्हिजिट काय करते? निदानाची किंमत शून्यावर आणते. म्हणजे सगळी कमाई दुरुस्तीवर ढकलते. ज्या गोष्टीला गिऱ्हाइकानं खरं तर पैसे मोजायला हवेत, म्हणजे 'काय झालंय आणि काय झालेलं नाही' हे सांगण्याला, तीच आपण फुकट करून टाकतो. फुकट मिळालेलं निदान कुणाच्या बाजूचं असणार?

भाऊजी, तुम्ही डॉक्टरांचं उदाहरण दिलंत. चांगलं दिलंत. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना तुम्ही तपासणीची फी देता ना? समजा ते म्हणाले, फी नको, पण औषधं माझ्याकडूनच घ्यायची. मग साध्या सर्दीला तुम्हाला किती गोळ्या मिळतील याचा विचार करा. फी घेतात म्हणूनच ते म्हणू शकतात, "काही नाही, गरम पाणी प्या, झोपा." मलाही तेच म्हणायची सोय हवी. "काही नाही झालेलं" हे वाक्य उच्चारायला मला साडेतीनशे रुपये लागतात. तो माझा व्हिजिट चार्ज आहे. फोनवरच सांगतो, निघायच्या आधी.

आता यावर काय म्हणाल ते माहीत आहे. "बाकी सगळे फ्री येतात. तू साडेतीनशे म्हटलंस की लोक फोन ठेवतील."

ठेवतात. खोटं कशाला बोलू? नवीन माणसांपैकी अर्धेअधिक तिथेच संपतात. "बघायचे पण पैसे?" असं म्हणून ठेवतात. मध्यंतरी एका लिस्टिंगवाल्या कंपनीकडून पैसे भरून फोन नंबर विकत घेतले होते. तेव्हा कळलं की तोच नंबर शहरातल्या आणखी पाच-सहा जणांना विकलेला असतो. फोन करावा तर समोरचा म्हणायचा, "तुम्ही चौथे. बाकीचे फ्री येतायत." वर्ष पूर्ण व्हायच्या आत ते बंद केलं. तर तोटा होतो, हे मान्य. माझा मुद्दा फी घेतली की गर्दी होते असा नाहीच. मुद्दा असा की फुकटवर जी गर्दी होते ती पोसायला खोटं बोलावं लागतं, आणि ते खोटं एक दिवस पुतण्या दिवाळीला आला की उघडं पडतं.

मार्केट यार्डातलं एक उदाहरण देतो. हळदीच्या अडतीची पेढी. महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस. आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर जीएसटीची साईट उघडेना, बँकेचीही नाही. 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून लाल पाटी. मी गेलो. कोपऱ्यातली तारीख बघितली तर कितीतरी वर्षं मागे. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो संपला की रात्री बटण बंद केल्यावर मशीन तारीख विसरतं. आणि तारीख चुकली की सुरक्षित साईटची प्रमाणपत्रं ब्राउझरला खोटी वाटतात, कारण त्याच्या हिशेबाने ती अजून सुरूच झालेली नसतात. सेल बदलला, तारीख लावली, साईट उघडली.

शेठ म्हणाले, "आवं, सेल तीस-चाळीस रुपयाचा, आन तुमी साडेतीनशे वर मागताय?"

मी विचारलं, "माझ्याआधी कोणी येऊन गेलं का?"

"काल एक पोरगा येऊन गेला. मदरबोर्ड गेलाय म्हनला, साडेचार हजार."

"त्यानं यायचे किती घेतले?"

"काय न्हाई."

"मग बघा की."

शेठनी पैसे दिले, पण कुरकुरत. त्यांनी मला परत कधी बोलावलं नाही. (सांगितलं ना, ही सुविचाराची गोष्ट नाही.) पण हे सगळं त्यांचे दिवाणजी बाजूला बसून ऐकत होते. ते संध्याकाळी आणखी तीन पेढ्यांची वही बघतात. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. तिन्ही पेढ्या आज माझ्याकडे आहेत.

यातून मला नवीन गिऱ्हाईक शोधायची जी एकच युक्ती कळली ती सांगतो. दादा म्हणतो पाय आत पडला पाहिजे. बरोबर. पण माझा कशाला पडायला हवा? ज्यांचा आधीच पडलेला आहे त्यांना गाठायचं. पेढ्यांचे दिवाणजी, टॅली बघणारी मुलं, यूपीएसच्या बॅटऱ्या बदलणारा, टोनर भरणारा, सीसीटीव्हीवाला. ही माणसं दिवसाला दहा ऑफिसांत जातात आणि कुठलं मशीन रडतंय हे त्यांना आमच्याआधी कळतं. त्यांच्याशी चहाची ओळख ठेवायची, त्यांचं काम चांगलं असेल तर त्यांचं नाव आपण सांगायचं. आणि कमिशन द्यायचं नाही. कमिशन दिलं की तेही कुठल्यातरी पार्टमधूनच काढावं लागतं, म्हणजे परत खोडरबर खिशात.

अजून तीन गोष्टी करतो. दोष काय ते कागदावर लिहून देतो, दुरुस्ती करायच्या आधी. तो कागद घेऊन त्यांनी दुसऱ्याकडून काम करून घेतलं तरी चालेल, फी त्याचीच घेतलेली आहे. काय बदलायची गरज नाही तेही त्यावर लिहितो. आणि जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात देतो, मागितला नाही तरी. शेवटची सवय कुठून आली ते सांगायला नको.

कुणी म्हणेल, तू कधीच फुकट काम केलं नाहीस का? केलंय. ऑगस्ट २०१९ चा पूर इथल्या वाचकांना आठवत असेल. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, गावभाग, मारुती चौक सगळं पाण्यात. पाणी उतरल्यावर लोक चिखलानं भरलेले कॉम्प्युटर बाहेर काढत होते, आणि आत त्यांचे वर्षानुवर्षांचे हिशेब. तेव्हा आम्ही दोघं पंधरा दिवस दारोदार फिरलो, एकच गोष्ट सांगत: चालू करू नका. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, पुराचं गढूळ पाणी त्यातून आत जातं. वीज दिली की आतली तबकडी फिरते आणि तो गाळ तिच्यावर घासला जातो. उन्हात वाळवूही नका, गाळ आत चिकटून बसतो. डिस्क काढा, ओलसरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि डेटा रिकव्हरीच्या लॅबला पाठवा. 'फ्री चेकिंग' करत फिरणारेही तेव्हा होते. ते काय करत? प्लग लावून बघत. बघितल्याशिवाय पार्ट विकता येत नाही ना.

ते पंधरा दिवस एक पैसा घेतला नाही, कारण मी काही विकतच नव्हतो. फुकट देणं वेगळं आणि फुकट दाखवून कमावणं वेगळं. पहिल्याला मदत म्हणतात. दुसऱ्याला हल्ली स्कीम म्हणतात. तसंच एखाद्या मराठी शाळेला, एखाद्या विद्यार्थ्याला फी परवडत नसेल तर मी बिलात फी लिहितो आणि त्याखाली 'माफ' लिहितो. आकडा दिसला पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी तेच काम शून्याचं ठरतं.

आणि ही भीतीची विक्री दिवसेंदिवस वाढतेय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. त्याच्या आगेमागे मला किती फोन आले असतील! "आमचं मशीन बंद पडणार म्हणे, नवीन घ्यावं लागेल म्हणे." कुणी सांगितलं? "फ्री चेकिंगला आले होते." अहो, बंद पडत नाही. सुरक्षेचे अपडेट थांबतात, तो धोका खरा आहे, विशेषतः बँकेचं काम त्यावर असेल तर. पण पर्याय आहेत. घरगुती मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय दिली गेली. इंटेलच्या आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ फुकट चढतं. कित्येक मशीनवर 'टीपीएम नाही' असा संदेश येतो तेव्हा ते नुसतं बायॉसमध्ये बंद करून ठेवलेलं असतं, एक सेटिंग बदललं की झालं. एका वकिलांची पाच मशिन्स बघितली. तीन जशीच्या तशी चढली, एकात एसएसडी घालायला सांगितली, एक खरोखर बदलायचं होतं. फी घेतली, कागद दिला. पाच नवी मशिन्स विकली असती तर जास्त मिळाले असते? हो. त्या महिन्यात मला गरज होती का? तीन गिऱ्हाइकं गेलेल्या वर्षात? हो, होती.

म्हणून मंडळी, रविवारी मी गच्चीवर गप्प बसलो त्याचं कारण तुमचा सल्ला चुकीचा होता हे नव्हे. तो लागू पडतो. २००५ मध्ये लागू पडला होता. आणि आता परत गिऱ्हाइकं कमी झाल्यावर तो मला पटायला लागेल की काय, याचीच भीती वाटली.

एक विनंती मात्र आहे. तुमच्या ओळखीत कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की तुम्ही प्रेमानं म्हणता, "आमचा भाचा आहे, तो फुकट बघेल." ते नका म्हणू. त्यातून येणारा माणूस फुकटच्या अपेक्षेनं येतो, आणि फी ऐकून तुमच्यावर आणि माझ्यावर दोघांवर रुसतो. त्याऐवजी सांगा, "तो बघायचे पैसे घेतो, पण काही झालं नसेल तर तसं सांगतो." दहा जणांना सांगितलंत तर एक येईल. मला तो एक हवाय.

सरांची रॅम अजून माझ्या काउंटरच्या खणात आहे. २५६ एमबीची. आता ती कुठल्याच मशीनला बसत नाही. दुकानातल्या मुलानं एकदा भंगारात टाकायला काढली होती, मी परत ठेवायला लावली. का, ते त्याला सांगितलं नव्हतं. तोही हा ब्लॉग वाचतो, त्यामुळे आता कळेल.

ता. क. मामा, तुमचा प्रिंटर शनिवारी येऊन बघतो. फुकट. आणि काहीही निघणार नाही, रोलरवर धूळ बसली असेल.